नालबंदाची सुरी

(दृश्य: महालक्ष्मी रेसकोर्स, पहाटेचा सराव. मागे उंच इमारती.)

शर्यतीच्या घोड्याच्या पायात बहुतेक वेळा लोखंड नसतं. त्याचे नाल ॲल्युमिनियमचे, हलके आणि तयार आकाराचे येतात. नालबंद ते ऐरणीवर थंडच ठोकतो, चार-दोन हातोड्यांत खुराच्या मापाला आणतो आणि खिळे मारतो. मुंबईतला पट्टीचा नालबंद महिनोन् महिने भट्टी न पेटवता काम करू शकतो, तो असा.

अण्णांचं दुखणं नेमकं इथे होतं. त्यांचं नाव व्हिडिओत नको, असं त्यांनी आधीच बजावलंय. तबेल्यात सगळे अण्णाच म्हणतात, आपणही तेच म्हणू.

अण्णा शिकले तेव्हा नाल लोखंडाचा असायचा, पट्टीपासून घडवलेला. कुलाब्यापासून नरिमन पॉइंटपर्यंत व्हिक्टोरिया धावायच्या आणि डांबरी रस्ता त्यांच्या घोड्यांचे नाल खाऊन टाकायचा, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. 2015 साली उच्च न्यायालयाने या गाड्या बेकायदा ठरवल्या. घोड्यांचे हाल पाहता ते बरंच झालं, असं अण्णा स्वतःच म्हणतात. पण भट्टीचं काम त्यांच्या हातून गेलं ते तेव्हापासून.

(दृश्य: अण्णा घोड्याचा पाय मांड्यांत धरून खूर तासताहेत.)

हातातली सुरी पाहा. टोकाला आकडीसारखी वळलेली, खुराच्या तळाची मेलेली कातडी खरवडायची. खूर महिन्याला सेंटिमीटरभर वाढू शकतो, म्हणजे दर चार-पाच आठवड्यांनी जुना नाल काढा, तासा, नवा ठोका. बाजारातली सुरी दोन-तीन घोड्यांत बोथट होते, ही अण्णांची जुनी तक्रार. आणि पेटीत तर जुन्या कानशी पडलेल्या. चांगली कानस म्हणजे भरपूर कार्बनचं पोलाद. मग आपली सुरी आपणच का घडवू नये?

लोखंड तापवणं, वाकवणं, भोक पाडणं, सगळं येत होतंच. आठवड्यात जमेल, असं त्यांना वाटलं.

आकार जमलाही. पात्याची धार पातळ करायला एका कडेवर ठोकत गेलं की ती कड लांबते आणि पातं केळ्यासारखं पाठीकडे वाकतं. नवशिक्या इथे गोंधळतो. अण्णांनी पट्टी आधीच उलट्या बाजूला वाकवून घेतली. नाल वळवताना बाहेरची कड ताणते आणि आतली दबते, हे त्यांच्या मनगटाला वर्षानुवर्षं ठाऊक आहे.

घोळ झाला तो शेवटच्या क्षणाला. नाल तयार झाला की नालबंद तो सरळ पाण्याच्या बादलीत टाकतो. हात भाजू नये, एवढाच हेतू. नालाचं लोखंड मऊ, कमी कार्बनचं, त्याला पाण्याने काही होत नाही. अण्णांचा हात सवयीने बादलीकडे गेला. लाल तापलेली कानस पाण्यात पडली आणि टक् असा आवाज आला. बाहेर काढली तर पाठीपासून धारेपर्यंत तडा.

(दृश्य: पूर्व उपनगर, रेल्वेच्या भिंतीलगतची भट्टी.)

उत्तर मिळालं ते फुटपाथवर. इथे एक घिसाडी जोडपं बसतं. घिसाडी म्हणजे गावोगाव फिरून विळे, कोयते, कुऱ्हाडी करणारे आपले लोहार. आता भाता गेला, हाताने फिरवायचा पंखा आला. पोलाद मात्र भंगारातलं, बहुतेक ट्रकच्या कमानीचे पाटे.

नवरा सांडशीत पातं धरतो आणि लहान हातोडीने टिचकी मारून जागा दाखवतो. त्याच जागेवर मावशींचा घण पडतो. या धंद्यात घण बाईच्या हातात असतो, हे शहरातल्या अनेकांना ठाऊक नसतं. पाहायला थांबलेले लोक मात्र मोबाइल नवऱ्याकडेच रोखतात.

अण्णांनी तडकलेली सुरी पुढे केली. मावशी म्हणाल्या, “भाऊ, अख्खी बुडवली व्हय? धारेला पाणी पाज, पाठीला कशाला?”

मग त्यांनी करून दाखवलं. पातं चेरीसारखं लाल झालं. फक्त धार, बोटाच्या पेराएवढी, पाण्यात धरली आणि मागे-पुढे हलवत ठेवली. बाहेर काढून विटेवर घासली, पांढरा पट्टा चमकला. पाठ अजून धगधगत होती. ती धग आता धारेकडे सरकू लागते आणि तिच्यासोबत रंग सरकतात. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मागून जांभळा आणि निळा. पिवळा रंग धारेशी पोचला की पुन्हा पाण्यात, या वेळी पूर्ण. निळा येऊ दिला तर धार मऊ पडते. आधीच विझवली तर कडक राहते, पण हाडाला लागताच तुकडा उडतो.

पोलाद साधारण 770 अंशांना चुंबकाला चिकटणं सोडतं, त्याहून थोडं वर गेलं की पाणी पाजायची वेळ. अण्णांनी जुन्या स्पीकरचा चुंबक आणला होता. मावशींनी तो बाजूला ठेवला आणि भट्टीवर पोत्याचा आडोसा धरला. उन्हात लाल रंग फिका दिसतो, म्हणून. माझ्या मते अख्ख्या चित्रीकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट हा आडोसाच, आणि आमच्या कॅमेरामनने तो चौकटीत येतोय म्हणून काढायला सांगितला होता!

(दृश्य: सहाणेवर धार लावताना.)

पुढचं लवकर सांगता येईल. मूठ बाभळीची. मुंबईच्या हवेत उघडं पोलाद रात्रीत गंजतं, म्हणून वर खोबरेल तेलाचा हात. तलवारी, जंबिये अण्णा करत नाहीत. 1959 चा शस्त्र कायदा आहे, नऊ इंचांहून लांब पात्याला परवान्याचा प्रश्न येतो, घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलीत. भायखळ्याच्या एका मासळीवालीने सुरमई कापायला सुरा मागितला, तेवढा मात्र केला.

पावसाळ्यात शर्यती पुण्याला जातात, घोड्यांबरोबर अण्णाही. तोवर एक काम संपवायचंय. तबेल्यातला एक पोरगा डावरा आहे, त्याला उलट्या आकडीची सुरी हवी. दोनदा आकडी सवयीने उजवीकडेच वळली. तिसरी आता भट्टीत आहे.