तरफेच्या तारा

मिरजेची सतारमेकर गल्ली. कारागीर नखीनं वरची एकच तार छेडतो. खालच्या तरफेच्या तारांना त्यानं हातही लावलेला नाही, पण सूर जुळला की त्या आपोआप झणाणतात. सतारीचा हा गुण. मनात असंच व्हायला लागलं तर मात्र जीव नकोसा होतो.

इथून आठ-दहा किलोमीटरवर सांगलीचं मार्केट यार्ड. समजा, हळदीच्या सौद्यात हमाली करणाऱ्या एकाची झोप उडालीय. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी पोतं उचलायला अंगात त्राण नाही. थप्पी मोजताना आकडा चुकतो, चारचौघांत बोलणी बसतात आणि ‘आपण कशाच्याच कामाचे नाही’ हे मनात घर करतं. त्याच विचारात पुढची रात्र जाते. घरी बायको म्हणते, “अहो, भाकरी तरी खावा.” पण भूकच मेलेली.

डॉक्टर नैराश्याची नऊ लक्षणं बघतात. किमान पाच, तीही दोन आठवडे, आणि त्यांत उदासी किंवा कशातच रस नसणं, यांपैकी एक तरी हवं. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेनी बोर्सबूम यांचा भर मोजणीपेक्षा लक्षणांमधल्या धाग्यांवर आहे. त्यांच्या मते लक्षणंच एकमेकांना पेटवत राहतात.

मग वीण जितकी घट्ट, तितकं बरं व्हायला अवघड? नेदरलँड्समधल्या 515 रुग्णांचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत 253 जण सावरले, 262 जणांचं दुखणं रेंगाळलं. सुरुवातीच्या नोंदी पुन्हा काढल्या, तर रेंगाळलेल्या गटात लक्षणांची गुंतागुंत आधीपासूनच दाट होती.

इथं टाळी वाजवायची घाई नको. 2018 सालच्या अभ्यासात ब्रिटनमधल्या नैराश्य असलेल्या 465 किशोरवयीन मुला-मुलींमध्ये असा ठळक फरक सापडला नाही. शिवाय ही वीण अख्ख्या गटाची काढलेली असते. आपल्या हमालाच्या मनातली वीण किती घट्ट, हे त्यावरून सांगता येत नाही.

तरी एक धागा हाताशी आहे, झोपेचा. निद्रानाशावर नीट उपचार केले की नैराश्यही काहीसं उतरतं, हे चाचण्यांमध्ये दिसलंय. म्हणून “कसलं टेन्शन घेतोस?” यापेक्षा “झोप कधीपासून लागंना?” हा प्रश्न कामाचा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत नंबरवर रात्री-अपरात्रीही, मराठीतून बोलता येतं.

यार्डात दिवे मालवलेत. तो अजून थप्पीला टेकून बसलाय, फोन हातात.