बूड लागलेलं पातेलं

(मंगल कार्यालयाची मागची बाजू. नळ, ओली फरशी, भांड्यांची चळत.)

दुपारचे साडेतीन वाजलेत, पुढं हॉलमध्ये फोटो चाललेत आणि मागं नळापाशी ही सगळी भांडी येऊन पडलीत. मसालेभाताचं, मठ्ठ्याचं, भाजीचं, आणि हे सगळ्यात मोठं स्टीलचं पातेलं बासुंदीचं. आत बघा. बासुंदी संपलीये, तळाला काळं ताट चिकटवल्यासारखं दिसतंय. दूध लागलं तेव्हा आम्ही तिथं नव्हतो, कॅमेरा पोचला तोवर बूड असं झालेलं होतं.

दूध आटवताना तळाशी बारीक थर बसतोच, दुधातली प्रथिनं तापली की भांड्याला धरतात, त्यावर दुधातली साखर तांबूस होते. इथपर्यंत ती खरवड असते, आमच्या घरी तिच्यासाठी भांडणं व्हायची. पण हा थर बसला की खालची आच दुधापर्यंत नीट पोचत नाही, थरातच अडकते, आणि मग ढवळणारा हात जरा थांबला तरी तांबूसचं काळं व्हायला वेळ लागत नाही. पातळ बुडाच्या भांड्यात तर जाळ जिथं लागतो तिथंच गोल डाग उठतो, हा बघा, बर्नरचं कडं जसंच्या तसं उमटलंय.

आता भांडी घासणाऱ्या मावशी काय करतात ते बघा, कारण आम्हाला वाटलं होतं आता तारेची घासणी निघणार आणि खरखर सुरू होणार. मावशींनी घासणी उचललीच नाही. पातेल्यात काळा भाग बुडून वर चार बोटं राहील एवढं पाणी ओतलं, मूठभर धुण्याचा सोडा टाकला आणि पातेलं परत भट्टीवर चढवलं. "घासून निघत नाही ते, शिजवूनच काढायचं," एवढंच बोलल्या आणि चहा घ्यायला बसल्या.

(क्लोजअप. पाणी उकळतंय.)

हा शॉट आम्ही कापला नाहीये. आधी पाण्याला चहासारखा रंग येतो, मग कडेनं बारीक बुडबुडे, आणि ही इथं, डावीकडं, काळ्या थराची कड उचलली गेली, भाजताना पापड वळतो ना तशी. कोळसा पाण्यात विरघळत नाही, सोड्यातही नाही. विरघळतं ते त्याच्याखालचं, दुधाची प्रथिनं आणि स्निग्ध भाग, ज्यानं तो कोळसा धातूला धरून ठेवलाय. पाणी कडेकडेनं आत शिरतं, खालचं फुगतं, पकड सुटते, आणि अख्खा थर वर येतो. म्हणून वरून कितीही जोर लावा, तुम्ही कोळसा खरवडत बसता आणि खालची चिकटण तशीच राहते.

घरी हेच खाण्याच्या सोड्यानं करता येतं पण तो उकळायला हवा, गार पाण्यात टाकून वाट बघू नका, उकळल्यावर त्यातला कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तो धुण्याच्या सोड्यासारखा कडक होत जातो. आणि ते व्हिनेगर आणि सोडा एकत्र ओतायचे व्हिडिओ येतात ना, फेस दिसायला भारी दिसतो, पण एक आम्ल, दुसरा अल्कली, दोघं एकमेकांना संपवतात आणि खाली जवळपास नुसतं खारट पाणी उरतं.

वीस मिनिटांनी मावशी लाकडी उलथनं घेतात. ऐका. खरखर नाही, नुसता चपचप आवाज. काळे पापुद्रे सुटून येतायत. मग नारळाचा काथ्या, थोडी राख, आणि तळ दिसायला लागला.

मसालेभाताच्या पातेल्याला मात्र सोडा नाही. ते जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं. सोड्यात उकळलं की जर्मन काळंठिक्कर पडतं, धातूच खाल्ला जातो. त्याला नुसतं पाणी, चिंचेचा कोळ आणि एक उकळी. डाळ-भाताचं करपलेलं असं भिजवूनच निघतं, रात्रभर नुसत्या पाण्यात ठेवलं तर अजून सोपं.

(पुणे, कसबा पेठ, तांबट आळी. भाता, धूर.)

आता इथं येऊ, कारण हे दाखवल्याशिवाय राहवत नाही. पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठतो तो हा, मग कथलाची कांडी फिरवायची. कथील २३२ अंशाला वितळतं, म्हणजे रिकामं पितळेचं पातेलं गॅसवर विसरलं तरी कल्हई वितळून जाऊ शकते. आणि हा कापसाचा बोळा. एक फेरी, दुसरी फेरी, पिवळं पितळ डोळ्यांदेखत चांदीसारखं होतं. हा थर इतका मऊ आणि इतका पातळ असतो की तारेच्या घासणीनं चार वेळा घासलं की खालचं पितळ उघडं. मग त्यात ताक, आमटी, काहीही आंबट ठेवलं की कळकतं. करपलेलं काढायच्या नादात लोक कल्हईच काढून टाकतात.

सोड्यानं मावशींच्या बोटांना चिरा पडल्यात, हातमोजे नाहीत, हिशोब भांड्याच्या नगावर.

(मावशींचे हात. निवेदन नाही. १२ सेकंद.)

वाढून झाल्याबरोबर कुणी तांब्याभर पाणी ओतून ठेवलं असतं तर मावशींचं निम्मं काम झालं असतं. पंगतीनंतर दीड तास हे पातेलं कोरडंच पडून होतं, तेवढ्यात उरलंसुरलंही वाळून दगड झालं.

(दुसरा दिवस, सकाळचे सहा. तेच पातेलं.)

आज आम्ही वेळेत पोचलो. तळाला गोल निळसर झाक तेवढी राहिलीये, ती आचेची, ती लिंबानं जाते. आचारी दुधाच्या पिशव्या फोडतायत. मावशी आधी तांब्याभर पाणी आत ओततात, पातेलं दोन्ही हातांनी फिरवून तळ ओला करतात, आणि मग बाजूला होतात. आता दूध.