१२७ वेळा एक

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७.

एकोणचाळीस अंक. दोनचा १२७वा घात, त्यातून एक वजा. ही मूळ संख्या आहे, हे फ्रेंच गणितज्ञ एदुआर लुका यांनी १८७६ मध्ये हाताने आकडेमोड करून दाखवलं. पुढची ७५ वर्षं हिच्याहून मोठी मूळ संख्या कुणालाही माहीत नव्हती. यंत्राची मदत न घेता सिद्ध झालेली सर्वांत मोठी मूळ संख्या आजही हीच.

दोनच्या कोणत्या घातांतून एक वजा केला की मूळ संख्या मिळते, याची यादी फ्रेंच विद्वान मेर्सेन यांनी १६४४ मध्ये दिली होती. तीत १२७ हा घात होता. पण त्याच यादीतले ६७ आणि २५७ पुढे खोटे ठरले. म्हणजे नुसत्या यादीवर विसंबणं शक्य नव्हतं. आणि एकेका संख्येने भागून पाहायचं, तर वीस अंकी विभाजकांपर्यंत जावं लागतं. एका आयुष्यात ते होणं नाही.

लुका यांनी विभाजक शोधलेच नाहीत. त्यांची कसोटी अमेरिकन गणितज्ञ लेमर यांनी पुढे सुटसुटीत केली, ती अशी: चारपासून सुरुवात करा. वर्ग करा, दोन वजा करा, तपासायच्या संख्येने भागा आणि फक्त बाकी पुढे न्या. ३१ घेऊ, म्हणजे दोनचा पाचवा घात वजा एक. चारवरून चौदा. चौदावरून १९४, त्याची बाकी आठ. आठचा वर्ग ६४, दोन गेले, ६२. एकतीस दुणे बासष्ट, बाकी शून्य! ३१ मूळ आहे. घात पाच असेल तर पायऱ्या तीन. घात १२७ असेल तर १२५. शेवटी शून्य उरलं नाही, तर संख्या मूळ नाही हे नक्की, मग तिचा एकही विभाजक हाती नसला तरी चालतं. मला तरी या कसोटीइतकं देखणं गणित क्वचितच दिसलं आहे.

पण एकोणचाळीस अंकांनी सव्वाशे वेळा भागायचं कसं? इथे या संख्येचा स्वभाव कामी येतो. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त शून्य आणि एक वापरून लिहिली, तर ती ओळीने १२७ वेळा एक, मध्ये एकही शून्य नाही. त्यामुळे भागाकार करावाच लागत नाही. उत्तराचे उजवीकडचे १२७ अंक ठेवायचे, डावीकडे उरलेला तुकडा कापून त्यांतच मिळवायचा. बाकी तयार.

हिला दोनच्या १२६व्या घाताने गुणलं की ७७ अंकी परिपूर्ण संख्या मिळते. ६ आणि २८ प्रमाणेच, स्वतःखेरीज सगळ्या विभाजकांची बेरीज पुन्हा तीच.

आणखी एक साखळी पाहा. दोनचा दुसरा घात वजा एक, तीन. तिसरा घात वजा एक, सात. सातवा घात वजा एक, १२७. आणि १२७ वरून ही आपली संख्या. चारही मूळ. पाचवी मूळ आहे का, हे अजून कुणालाच ठाऊक नाही. तिच्या अंकांची संख्याच अडतीस अंकी आहे, त्यामुळे लुका यांची कसोटी तिथे लावताच येत नाही.