फॅनला हुकूम कोण देतं?

(सांगलीत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, रेडिएटर म्हणजे इंजिनचं गरम पाणी गार करणारी जाळी, त्याहून जास्त तुम्हाला सांगत बसत नाही. तुम्ही गाड्या वापरता, त्यातले काहीजण दुरुस्तही करता. थर्मोस्टॅट, म्हणजे ते पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, साधारण ८२ ते ८८ अंशांच्या सुमारास उघडतो, रेडिएटरचा फॅन बहुतेक गाड्यांत ९५ ते १०० च्या दरम्यान लागतो आणि चार-पाच अंश उतरले की थांबतो. आजचा विषय आहे न थांबणाऱ्या फॅनचा.

माझं म्हणणं एवढंच आहे. फॅन आपण होऊन फिरत नाही, त्याला कुणीतरी हुकूम देतं. मग फॅन बदलून काय होणार? हुकूम कुठून येतो ते शोधा.

एका गाडीची हकिकत सांगतो. गावभागातली गाडी, २०१९ च्या पुरात पाण्यात उभी होती. त्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली होती, ते इथे कुणाला सांगायला नको. गाडी धुतली, वाळवली, सीट बदलल्या, चालू झाली. विमा, सर्व्हिसिंग सगळं रीतसर. तीन-चार वर्षं कसली तक्रार नाही. मग एका हिवाळ्यात पहाटे चावी फिरवली की फॅन सुरू! इंजिन गार, बाहेर थंडी, आणि फॅन पूर्ण वेगात. वर एसी लागेना.

मालक भला माणूस, सांगतील ते ऐकणारा. आधी एसीत गॅस भरला गेला. फरक नाही. फॅनची मोटर बदलली. फरक नाही. मग टेंपरेचर सेन्सर नवा बसला, तो चालला नाही म्हणून दुसरा बसला. शेवटी त्यांना सांगण्यात आलं, ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेलाय, मोठा खर्च आहे. एवढ्या सगळ्यात कुणीही वायर तपासायचा मीटर लावला नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं. मालकाचे पैसे गेलेच, पण शिकायला उभ्या असलेल्या पोरांनी काय बघितलं? पार्ट बदलणं म्हणजे दुरुस्ती, हे बघितलं.

ईसीएम काय वाचतोय ते दाखवणारा स्कॅनर लावल्यावर कुलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान दिसलं उणे ४० अंश. सांगलीत! हा आकडा दिसला की ओळखायचं, सर्किट तुटलेलं आहे. हा सेन्सर गार असताना जास्त रोध, म्हणजे करंटला अडथळा, दाखवतो, २० अंशांना साधारण दोन ते तीन हजार ओहम. तापला की रोध उतरत जातो, ८० च्या पुढे तीनशेच्या आसपास येतो. वायर तुटली की रोध अमर्याद, आणि ईसीएमच्या हिशेबात ती भयंकर थंडी.

मग थंडी आहे असं वाटत असेल तर फॅन का लावतो? कारण तो आकडा खोटा आहे हे त्याला कळतं. कोयनेतून विसर्ग सुरू आहे आणि रात्री आयर्विन पुलावरून पातळीचा निरोपच आला नाही, तर पाणी उतरलं असं आपण धरतो का? जनावरं सोडतो, माणसं हलवतो. ईसीएम तेच करतो. फॅन पूर्ण चालू, एसी बंद. मोटर आणि एसी दोन्ही शाबूत होते, फक्त निरोप तुटला होता.

सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, उघडला तर आत हिरवी बुरशी चढावी तशी टर्मिनल गंजलेली. पुराचं पाणी आत राहिलं आणि सावकाश तांबं खात बसलं. दोन टर्मिनल आणि वायरचा तुकडा, एवढंच बदललं. तोच नवा सेन्सर व्यवस्थित चालला. पुरातून काढलेली गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांनी सगळे कपलर एकदा उघडून बघा, आज गाडी चालत असली तरी.

याहून वाईट प्रकार म्हणजे फॅन "डायरेक्ट" करून देणं, म्हणजे ईसीएमला वगळून थेट बॅटरीला जोडणं. फॅन दहा-वीस अँपियर ओढतो. त्याला बारीक वायर, डॅशबोर्डवर साधा स्विच, फ्यूज नाही. वायर वितळते, गाडी पेटू शकते. स्विच लावायला विसरलात की खंबाटकी चढताना इंजिन तापून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधली सील, जातं. हे करू नका आणि करू देऊ नका.

संयोजकांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. तेव्हा मूळ विषय भराभर.

पहिला प्रश्न मालकाला विचारायचा, फॅन कधी फिरतो? चावी काढल्यावरही थांबत नसेल तर रिले, म्हणजे हुकूम आल्यावर फॅनचा करंट जोडणारा स्विच, उपसा. उपसल्यावर थांबला तर बहुधा रिलेचे संपर्क चिकटलेत. तशाच पिनांचा, तेवढ्याच अँपियरचा चांगला रिले लावून खात्री करा. रिले काढूनही फिरतोय? मग फॅनकडे जाणाऱ्या वायरला कुठून तरी थेट करंट मिळतोय, बहुतेक वेळा कुणीतरी डायरेक्ट केलेला असतो. मात्र गाडी बंद केल्यावर थोडा वेळ फिरून थांबत असेल, तर काही गाड्यांत ते मुद्दामच ठेवलेलं असतं.

चावी लावल्यावरच फिरतो आणि इंजिन गार आहे? रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्कॅनर लावा. कुलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं हवं. उणे ४० दिसलं तर सेन्सरचा कपलर काढून त्याच्या दोन तारा क्षणभर जोडा. आकडा एकदम वर गेला तर वायरिंग ठीक, सेन्सर खराब. हलला नाही तर वायर नाहीतर कपलर. जुन्या मारुती ८०० सारख्या गाडीत फॅनसाठी थर्मोस्विच, म्हणजे तापल्यावर आपोआप जोडला जाणारा स्विच, असतो, तिथे उलटं. त्याचा कपलर काढल्यावर फॅन थांबला तर स्विच चिकटलाय.

एसी लावल्यावर फिरतो, तर बिघाड नाही. हवा काचेवर सोडली की बऱ्याच गाड्यांत एसी आपोआप लागतो, तेही तपासा.

आणि इंजिन खरंच तापलेलं असेल, तर फॅन बरोबर आहे. कुलंटची पातळी बघा, थर्मोस्टॅट बघा, रेडिएटरच्या जाळीत गाळपाच्या हंगामात उसाचं पाचट बसतं ते बघा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली १०० च्या वरही असतं. फॅनजवळ हात घालण्याआधी बॅटरीची तार काढा, तो इंजिन बंद असतानाही सुरू होतो.

तो गंजलेला कपलर मी आणलाय, टेबलावर ठेवतो. आयटीआयच्या मुलांनी आधी पुढे या.