चिमटा, टायर आणि येऊरची खडी

नमस्कार श्रोतेहो. उद्या रविवार. उपवन तलावाच्या कडेने येऊरच्या चढाला लागणाऱ्या सायकली ठाणेकरांना नव्या नाहीत. त्यांत हल्ली एक वेगळी सायकल दिसते. हँडल शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं, टायर मात्र जाड, खाचांचे. हीच ग्रॅव्हल बाईक. डांबरावर ती बऱ्यापैकी पळते आणि डांबर संपलं तरी अडत नाही. आजचं बोलणं तिच्याबद्दल, आणि जंगलातल्या खडीच्या रस्त्याबद्दल.

येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, आणि तिथे बिबट्याचा वावर आहे. तेव्हा पहिली गोष्ट ही, की वनखात्याच्या नाक्यातून आत गेल्यावर सायकल चालवायची ती गावच्या आणि पाड्यांच्या वहिवाटीच्या रस्त्यावर. झाडीत शिरणाऱ्या पायवाटेवर परवानगीशिवाय चाक घालायचं नाही. पुन्हा सांगते, परवानगीशिवाय पायवाटेवर चाक नाही. आणि निघायचं ते चांगलं उजाडल्यावर, परतायचं ते तिन्हीसांजेच्या बरंच आधी. मोबाइलवर गाणी लावून जाणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे, ती बंद ठेवा. रानात कान उघडे हवेत, आणि पाड्यावरच्या माणसांनी तुमची गाणी का ऐकायची?

आता रस्ता. आपल्याकडचा दगड काळा, बसाल्टचा. तो फुटला की त्याला धार येते. डांबर उखडून खालची खडी वर आली की हीच धार टायरच्या बाजूला लागते. टायर तळाला जाड असतो, बाजूला पातळ, म्हणून फाटतो तो बहुतेक वेळा बाजूनेच. कोरडा मुरूम वळणावर गोट्यांसारखा सरकतो. तिथे ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रेषेत असताना दाबून घ्यायचा आणि वळणात सोडायचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची पानं दगड झाकून टाकतात. पावसाळ्यात शेवाळ धरतं, त्यावर जाड टायरचाही इलाज चालत नाही. सरळ उतरून चालावं.

हवा किती? स्वाराचं वजन सत्तर किलोच्या आसपास आणि टायर ४० मिलिमीटरचा, ट्यूबलेस म्हणजे आत ट्यूब नसलेला असेल, तर मागे ३५ पीएसआय, पुढे ३२, इथून सुरुवात करा. पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप, पंपाच्या काट्यावर दिसतं ते. आत ट्यूब असेल तर पाचने वाढवा. कारण हवा कमी पडली की दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटीत सापडते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. हवा जास्त झाली तर चाक खडीवरून उडतं, चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरतं. म्हणजे मागे ३५, पुढे ३२, ट्यूब असेल तर पाच जास्त. ट्यूबलेसमधलं सीलंट, म्हणजे बारीक भोकं आतून बुजवणारा द्रव, आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतं. दर दोन महिन्यांनी पाहायचं आणि कमी असेल तर भरायचं. या मापाच्या टायरला ६० ते ९० मिलिलिटर लागतं. चाकांवरून आठवलं म्हणून सांगते, डांबरी रस्त्याला पेव्हर ब्लॉकची ठिगळं लावणं बंद व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे. खचलेल्या ब्लॉकच्या फटीत चाक अडकून माणसं पडतात.

असो. आता चिमटा. पुढचं चाक ज्यात बसतं तो चिमटा, म्हणजे फोर्क. आणि चिमट्याचा विषय निघाला की एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

साल १९१३. फ्रान्सची ती मोठी सायकल शर्यत, तूर द फ्रान्स. त्या काळी डोंगरातले रस्ते मातीचे आणि दगडांचेच. आज आपण ज्याला ग्रॅव्हल म्हणतो, तोच तेव्हाचा घाटरस्ता. युजेन ख्रिस्तोफ नावाचा अठ्ठावीस वर्षांचा स्वार शर्यत जिंकायच्या बेतात होता. त्या दिवशी टप्पा होता बायोन ते ल्युशों, तीनशे सव्वीस किलोमीटर, मध्ये पिरेनीज डोंगररांगेतली तूर्मालेची खिंड, समुद्रसपाटीपासून २,११५ मीटर. ख्रिस्तोफ खिंड चढून गेला, उताराला लागला, आणि त्या दगडी उतारावर त्याच्या सायकलचा चिमटा मोडला.

आज काय होईल? मागून संघाची गाडी येईल, नवी सायकल मिळेल. तेव्हाचा नियम निराळा होता. स्वाराची सायकल बिघडली तर ती त्याची त्यानेच दुरुस्त करायची, दुसऱ्याचा हात लागता कामा नये. ख्रिस्तोफने सायकल खांद्यावर घेतली आणि डोंगर उतरायला लागला. दहा किलोमीटरहून जास्त चालला तो. ज्यांना मागे टाकलं होतं, ते एकेक करून त्याच्या डोळ्यांदेखत पुढे निघून गेले.

खाली सेंत-मारी-द-कांपां नावाचं खेडं. तिथे लोहाराचा भाता होता. लोहार मदतीला तयार, पण शर्यतीचे अधिकारी दारात उभे. लोहाराने सांगायचं, हात लावायचा नाही. चिमट्याला धरेल असा लोखंडाचा तुकडा निवडणं, तापवणं, ठोकणं, जोडणं, सगळं ख्रिस्तोफने स्वतः केलं. तासांवर तास गेले. आता श्रोतेहो, विचार करा. एका हातात सांडशी, दुसऱ्या हातात हातोडा, मग भाता कोण मारणार? लोखंड तर लाल राहायला हवं. तिथला एक लहान मुलगा भाता मारायला लागला. तेवढीच मदत. अधिकाऱ्यांनी ती टिपली आणि दंड ठोकला, त्याच्या वेळेत दहा मिनिटं जास्त धरायचा. नंतर तो तीन मिनिटांवर आणला.

चिमटा जोडून तो पुन्हा सायकलवर बसला. पुढचे घाट चढला आणि ल्युशोंला पोचला. त्या टप्प्याचा विजेता फिलिप तीस तिथे येऊन पावणेचार तासांहून जास्त वेळ झाला होता. शर्यत अर्थातच हातची गेली, तीसच शेवटी जिंकला. पण ख्रिस्तोफने ती सोडली नाही. पॅरिसला पोचला तेव्हा सातवा होता.

गोष्ट इथे थांबत नाही. मध्ये महायुद्ध झालं. १९१९ साली शर्यत पुन्हा भरली आणि आघाडीवरच्या स्वाराला पिवळा अंगरखा द्यायची पद्धत तेव्हाच सुरू झाली. तो पहिला पिवळा अंगरखा १९ जुलैला ग्रनोब्ल गावी ख्रिस्तोफच्या अंगावर चढला. मग आला मेत्सहून डंकर्कला जायचा, शेवटून दुसरा टप्पा. जवळपास अर्ध्या तासाची आघाडी. आणि उत्तर फ्रान्सच्या दगडी फरसबंदीवर चिमटा पुन्हा मोडला. पुन्हा त्यानेच जोडला. दोन तासांच्या वर वेळ गेला, शर्यत तिसऱ्या क्रमांकावर संपली. चौतीस वर्षांचा होता तो. ही शर्यत त्याला कधीच जिंकता आली नाही, पण सेंत-मारी-द-कांपांमध्ये त्याच्या नावाची पाटी आजही आहे.

आपल्या आठवीच्या मुलांना शाळेत पंक्चर काढायला शिकवावं, असं मला ही गोष्ट आठवली की दर वेळी वाटतं. एक तास पुरे आहे त्याला.

येऊरमध्ये लोहाराचा भाता मिळायचा नाही, आणि झाडीत मोबाइलची रेंजही जाते. म्हणून सोबत काय हवं ते ऐका. एक ट्यूब, ट्यूबलेस असली तरी. टायरच्या भोकात बसवायचे प्लग. पंप. चेन तोडायचं हत्यार आणि चेनची जोडकडी. धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी, टायर बाजूने फाटला तर चार घड्या करून आतून लावायला, नाहीतर ट्यूब त्या फटीतून फुगून बाहेर येते. आणि हँगर. मागचा डेरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, ज्या छोट्या तुकड्याला लटकतो तो हँगर. दगड लागला तर डेरेलर आणि फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा केलेला असतो. बऱ्याच सायकलींचा वेगवेगळा असतो, दुसऱ्याचा बसेलच असं नाही, म्हणून आपल्या सायकलचा एक जास्तीचा घेऊन ठेवा. तोही नसेल तर डेरेलर काढून, चेन तोडून लहान करून, एकाच गिअरवर बसवून घरी येता येतं.

चिमटा मात्र आज रात्रीच तपासा. पाच मिनिटांचं काम. पुढचा ब्रेक दाबून धरा, दुसऱ्या हाताची बोटं हँडलखालच्या बेअरिंगच्या सांध्यावर ठेवा आणि सायकल पुढेमागे हलवा. सांध्यात हललेलं बोटाला जाणवलं तर बेअरिंग सैल आहे. मग ओल्या फडक्याने चिमटा पुसा आणि जिथे दोन पाय फुटतात तिथे टॉर्च मारा. रंगावर केसासारखी रेघ दिसली तर नखाने खरवडून पाहा. पुसून जाते ती माती. नख अडकलं तर ती भेग. चिमटा कार्बनचा असेल तर नाण्याने हलके ठोकत खालपर्यंत जा. एके ठिकाणी आवाज बद्द आला तर तिथे आतून काही सुटलंय. भेग दिसली किंवा आवाज बदलला, तर उद्या येऊर नाही. सोमवारी सायकल दुकानात न्या, तीही चालवत नाही, हातात धरून.