आखाजीची उरलेली रशी

[ओट्यावर मोठं पातेलं, वाफा निघतायत]

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशातल्या घरात काय काय शिजतं ते वेगळं सांगायला नको, खापरावरचे मांडे, आमरस, कुरडया, भजी आणि पुरणाच्या डाळीच्या पाण्याची झणझणीत रशी. लेकी माहेरी आलेल्या असतात, पंगतीवर पंगत उठते, अंदाज काही बरोबर येत नाही आणि रशी उरतेच. हे सगळं ऐन एप्रिल-मे मधे, जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकलेला, वरून पत्र्याचं घर असेल तर स्वयंपाकघर नुसती भट्टी.

अन्न खराब करणारे, माणसाला आजारी पाडणारे जंतू साधारण ५ ते ६० डिग्रीच्या मधे वाढतात, आणि मनासारखी ऊब मिळाली तर २० मिनिटांत दुप्पट होतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजवलेलं अन्न २ तासांच्या वर बाहेर ठेवू नका. अमेरिकेचं कृषी खातं तर म्हणतं, ३२ डिग्रीच्या वर असेल तर १ तासच. आता आखाजीच्या दुपारी आपल्याकडे ३२ कुठं असतंय! म्हणजे आपल्याला तासाचाच हिशोब धरायचा.

[पातेल्यातून पसरट डब्यात रशी ओतताना, अगदी जवळून]

बहुतेक घरात होतं काय, रात्रीला होईल म्हणून पातेलं झाकण लावून कोपऱ्यात सरकवतात, वरून गार वाटतं पण मधे डाव घालून बघा, दोन-तीन तासांनी पण कोमटच लागतं. त्यापेक्षा रशी दोन-तीन पसरट डब्यांत काढा, दोन बोटं खोल एवढीच, डबे थंड पाण्याच्या परातीत ठेवा, मधून मधून ढवळा, वाफ बसली की लगेच फ्रीज. अगदी गारढोण व्हायची वाट बघायची नाही. भाताचंही तेच, किंबहुना भाताला जास्त जपा, कारण त्यातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवून पण मरत नाहीत, भात उबदार राहिला की परत जागे होतात.

"उकळी काढली की झालं" असं घरोघरी म्हणतात ना, ते अर्धंच खरं आहे. जंतू मरतात, पण काही जंतूंनी आधीच सोडलेलं विष उकळून जात नाही, आणि त्याला वास, चव काहीच नसते. असले जंतू बऱ्याचदा आपल्या हातावरच असतात, बोटाला चिरलेलं असेल तर जास्तच. म्हणून पुरण वाटायच्या आधी, मांडा हातावर घ्यायच्या आधी साबणाने हात धुवा. नळाला चार दिवसांआड पाणी येतं तिथे हे अवघड जातं, कळतं, पण निदान पिण्याच्या हंड्यात हात बुडवू नका, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा.

शेंगदाण्याचं एक सांगायचं राहिलं, आपल्या भाज्यांत तो असतोच. काळपट, बुरशीचा, कडू दाणा निवडून फेका, भाजून बुरशीचं विष पूर्ण जात नाही.

लाईट गेली तर फ्रीजचं दार उघडू नका, बंद राहिलं तर आतलं ४ तास टिकतं. आणि उरलेलं शेजारी द्यायचं असेल ना आक्का, तर पंगत उठल्या उठल्या गरम असतानाच द्या, संध्याकाळची वाट बघू नका.