दंड कोणी मोजायचा?

नमस्कार मंडळी! जावाचा सिंटॅक्स येतो, इनहेरिटन्सची व्याख्या तोंडपाठ आहे, आणि तरी कोरी फाइल उघडली की हात थांबतो. कुठला क्लास करू? तुमचं असं होत असेल तर यात तुमचा दोष नाही. आपल्याला कीवर्ड शिकवतात. कुठलं काम कोणाकडे द्यायचं, हे कोणी बसून शिकवत नाही.

वाचनालयाचं सॉफ्टवेअर घ्या. बुक आणि मेंबर हे क्लास सगळेच करतात. आता पुस्तक उशिरा परत आलं. दंड कोणी मोजायचा? पुस्तकाने? ते कोणी, कधी नेलं हे त्याला कुठे ठाऊक! सभासदाने? त्याच्याकडे दोन पुस्तकं, दोन वेगळ्या तारखांची. मग लायब्ररीमॅनेजर नावाचा क्लास निघतो आणि सगळं त्यात कोंबलं जातं. बुक आणि मेंबरमध्ये उरतात नुसते गेटर-सेटर, म्हणजे माहिती वाचायच्या-बदलायच्या मेथड.

आता खऱ्या वाचनालयात जा. काउंटरवर पाटी असते, ‘देवघेव’. पुस्तक नेताना तिथे नोंद होते: कोणी नेलं, कोणती प्रत, कधी, परत कधी द्यायची. हाच आपला राहून गेलेला क्लास! दंडाला लागणाऱ्या तारखा या नोंदीतच आहेत, म्हणून दंड तिनेच मोजायचा. पुस्तक हातात धरता येतं, देवघेव धरता येत नाही, म्हणून ती सुचत नाही.

इनहेरिटन्समध्ये तर जाणतेही फसलेत. 1996 मध्ये आलेल्या पहिल्या जावापासून स्टॅक हा क्लास व्हेक्टरला एक्स्टेंड करतो, म्हणजे त्याचा वारसा घेतो. व्हेक्टर म्हणजे कुठेही काही घालता-काढता येणारी यादी. स्टॅक म्हणजे ताटांची चवड, वरचंच ताट उचलायचं. पण व्हेक्टरच्या मेथड वारशाने आल्या आणि चवडीच्या मधेच ताट घुसवता येऊ लागलं. आज जावाचं डॉक्युमेंटेशनच सांगतं, त्यापेक्षा डेक (दोन्ही टोकांनी घालता-काढता येणारी रांग) वापरा. तेव्हा आयता कोड मिळतो म्हणून एक्स्टेंड्स लिहू नका. व्हेक्टर जे जे करतो ते सगळं स्टॅकने केलेलं चालणार आहे का, हे आधी विचारा.

1989 मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रामरांनी कुठलं काम कोणत्या क्लासकडे द्यायचं हा विचार शिकवायला साधी पुठ्ठ्याची कार्डं वापरली. एका क्लासला एक कार्ड: वर नाव, डावीकडे त्याची कामं, उजवीकडे ज्यांची मदत लागते ते क्लास. कार्ड भरून वाहायला लागलं की समजा, मॅनेजर जन्माला येतोय.

आज लॅपटॉप मिटा आणि तीन कार्डं घ्या: बुक, मेंबर, देवघेव. पुस्तक बाहेर गेलंय आणि दुसऱ्या सभासदाला त्यासाठी नंबर लावायचाय. ही नोंद कोणत्या कार्डावर जाईल? की चौथं कार्ड लागेल?